जाईन म्हणतो

पौषातली दुपार होती. आई अंगणात बाजेवर ओल्या तुरीचे सोले काढत बसली होती आणि तिच्या पायाशी ऊन मांजरासारखं अंग दुमडून पडलं होतं. भाची सध्या आमच्याकडे राहून कसल्याशा परीक्षेची तयारी करते आहे. ही परीक्षा चांगली गेली की अमेरिकेत शिकायला जाता येतं. त्यासाठी इंग्रजीतले असे काही शब्द पाठ करावे लागतात, की ते अमेरिकेत उच्चारले तर तिथली माणसंही दचकतील. चौकोनी कार्डांची चळत घेऊन ती बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. कार्डाच्या पुढच्या अंगाला शब्द, मागच्या अंगाला अर्थ. मध्येच तिनं एक कार्ड उचललं, डोळे मिटले आणि म्हणाली, "वेलीइटी."

"विलायची?" शेंगेवरची नजर न काढता आई म्हणाली, "फडताळात आहे नं. पिवळ्या डब्यात."

भाची पोट धरून हसली आणि तिनं मला अर्थ ओळखायला सांगितला. मला वाटलं, वेलींशी काही नातं असावं. मांडव न घालताच चढू पाहणाऱ्या वेलीला साहेब असं काही म्हणत असेल. तिनं कार्ड उलटून वाचलं. मनात इच्छा तर असणं, पण ती इतकी पातळ असणं की तिच्यापायी माणूस इकडची काडी तिकडे करत नाही. हा अर्थ ऐकला आणि अनोळखी गावात कुणीतरी मागून आपल्याला घरच्या नावानं हाक मारावी, तसं झालं. पन्नास वर्षं मी ज्या स्थितीत सुखानं नांदतो आहे तिला नाव होतं, आणि ते एका कार्डाच्या पाठीवर पडून होतं.

संध्याकाळी मी या शब्दाची कुळकथा शोधली. (बघीन म्हणता म्हणता खरंच बघितली, ही त्या दिवसातली पहिली नवलाची गोष्ट.) लॅटिनमध्ये 'वेल्ले' म्हणजे इच्छिणं. मध्ययुगातल्या धर्मपंडितांनी त्यावरून 'वेलेइतास' असा शब्द घडवला. तेराव्या शतकातला संत थॉमस अक्वायनस अपुऱ्या इच्छेबद्दल बोलताना तो वापरतो. गोष्ट शक्य असती तर माणसानं ती इच्छिली असती, पण शक्य नाही, म्हणून इच्छा अर्ध्यावरच राहिली, असा त्याचा आशय. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला. पुढे जॉन लॉकनं १६९० च्या आपल्या जाडजूड ग्रंथात इच्छेची शिडी लावली आणि या बिचारीला अगदी तळची पायरी दिली. तिच्याखाली इच्छा नसणंच. लॉकसाहेबांचा रोख तुच्छतेचा होता. पण त्यांनी आमच्या जुन्या घराचा जिना पाहिलेला नव्हता. जिन्याची सगळ्यात खालची पायरी ही चढण्यासाठी नसतेच. तिच्यावर बसून भाजी निवडली जाते, चपलांचे बंद लावले जातात, शेजारची बाई निघता निघता तासभर टेकते. वरच्या चौदा पायऱ्यांवरून माणसं नुसती जातात, खालचीवर राहतात.

आपल्याकडच्या नैयायिकांनी हा मामला रेल्वेच्या वेळापत्रकासारखा स्वच्छ लावून ठेवला आहे. आधी माणूस जाणतो, मग इच्छितो, मग यत्न करतो. म्हणजे तीन स्टेशनं, आणि गाडीनं तिसऱ्यापर्यंत जायचंच. करण्याच्या इच्छेला संस्कृतात 'चिकीर्षा' असा शब्दही आहे. पण तो उच्चारायला दात आवळावे लागतात, आणि दात आवळले की माणूस आपोआप बाह्या सरसावतो. दुसऱ्या स्टेशनावर उतरून, बाकावर बसून, चहा घेत पुढच्या गाडीची वाट न पाहणाऱ्या प्रवाशाची तिथं काही सोय नाही. 'मनोरथ' आहे, पण रथ आला की घोडे आले, सारथी आला, चारापाणी आलं. एवढा खटाटोप करायचा तर कामच का करू नये?

भाचीला मराठी प्रतिशब्द हवा होता. मनातले मांडे म्हणावं तर मांडे हा सणाचा जिन्नस. त्याला पुरण लागतं, खापर लागतं, सुगरण लागते. मनोराज्याला निदान एक सिंहासन तरी हवं. मी रात्री अंथरुणावर पडून या कुशीवरून त्या कुशीवर होत होतो आणि स्वतःशीच म्हणालो, 'या झोपेचं उद्या डॉक्टर मित्राला विचारीन म्हणतो.' आणि उठून बसलो. शब्द तोंडातच होता. साहेबानं या इच्छेसाठी लॅटिनमधून नाम आणलं. मराठीनं तिला क्रियापदाच्या शेपटीला गाठ मारून ठेवली. 'जातो' या शब्दाला पाय आहेत. 'जाईन' या शब्दाला निदान तारीख आहे. 'जाईन म्हणतो' याला नुसतं तोंड आहे. त्यात माणूस स्वतःचीच बातमी देतो, तीही खात्री करून न घेता, 'असे समजते'च्या धर्तीवर. उद्या ती खोटी ठरली तर दोष बातमीदाराकडे नाही आणि ज्याची बातमी त्याच्याकडेही नाही. ऐकणाराही या भाषेत मुरलेला असतो. तो म्हणतो, "जाऊन या नं बाप्पा एकदा." 'कधी?' असं तो विचारत नाही. आमच्या वऱ्हाडात ते विचारणं असभ्यपणाचं आहे. पानात वाढलेल्या पोळ्या मोजण्यासारखं.

या क्रियापदाचे आमच्या घरातले मोठे जाणकार म्हणजे बाबा. ते यवतमाळात शाळामास्तर होते आणि मराठीचं व्याकरण शिकवत. काळ तीन असतात, असं ते वर्गात सांगत आणि घरी येऊन चौथ्या काळात राहत. त्यांचं सगळ्यात जुनं, सगळ्यात जपलेलं वाक्य होतं, "शकुंतलेनं एकदा मुर्तिजापूरला जाऊन येईन म्हणतो."

शकुंतला म्हणजे आमची अडीच फुटी रुळांवरची गाडी. यवतमाळ ते मुर्तिजापूर ११३ किलोमीटर, वाटेत दारव्हा, वाटेत कारंजा. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं वऱ्हाडातला कापूस मुर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर नेऊन टाकायला हे रूळ घातले. तिथून तो मुंबईला आणि मुंबईहून विलायतेला. १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ च्या एप्रिलपर्यंत राबत होतं. इथला कापूस मँचेस्टरला गेला आणि मँचेस्टरची लेक आपल्याकडे नांदायला आली, हे एक साटंलोटंच झालं, असं बाबा म्हणत. देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारी झाली. या गाडीचं तेवढं राहून गेलं. रुळांची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली, आणि भारतीय रेल्वे त्यांवरून आपली गाडी हाकत राहिली, जसं एखाद्यानं शेजाऱ्याची सायकल नेऊन पन्नास वर्षं वापरावी आणि भाडंही इमानानं देत राहावं. विकत घ्यावी, असा विचार मध्ये मध्ये होई. कुणाच्या तरी फायलीवर तेव्हा 'घेईन म्हणतो' असा शेरा पडत असणार. ज्या नायिकेच्या कपाळी विसरलं जाणंच लिहिलेलं, तिचं नाव या गाडीला मिळालं. खुणेसाठी अंगठीऐवजी पुठ्ठ्याचं तिकीट, एवढाच फरक.

वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडायची आणि पुन्हा त्याच डब्यात चढायचं, हे यवतमाळात प्रत्येक जण सांगतो. हे प्रत्यक्ष केलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. करीन म्हणणारे पुष्कळ भेटले. बाबांचा बेत तर पक्का होता. पहाटेची गाडी, खिडकीची जागा, रुमालात बांधलेला बुढीचा चिवडा, दारव्ह्याला चहा. दर वर्षी तो बेत नव्यानं मांडला जाई आणि दर वर्षी ऋतू आडवे येत. उन्हाळ्यात यवतमाळच्या माणसानं दुपारी लोखंडी डब्यात बसणं म्हणजे भाकरीनं आपण होऊन तव्यावर चढणं. पावसाळ्यात खिडकी लावावी लागणार, मग खिडकीची जागा घेऊन उपयोग काय? हिवाळ्यात सहामाहीचे पेपर तपासायचे. १९९४ मध्ये वाफेचं इंजिन निवृत्त झालं तेव्हा बाबा आठवडाभर हळहळले. मग म्हणाले, "आता कोळशाचे कण डोळ्यात जाणार नाहीत. आता जाईन म्हणतो." पुढे गाडीच बंद पडली. फलाटावर गवत माजलं, रुळांच्या मधून बाभळी आल्या. बाबांच्या इच्छेला मात्र खरचटलंही नाही. "ब्रॉडगेज व्हायची आहे म्हणतात," ते म्हणाले, "झाली की जाईन म्हणतो." गाडीशिवाय गाडीनं जाण्याची इच्छा इतकी टवटवीत ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दुसरा पाहिला नाही म्हणजे, गाव सोडून. कारण आमचा सगळा मुलूखच या क्रियापदात वसलेला आहे. १९५५ साली फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. तेव्हापासून विदर्भ 'होईन म्हणतो' असं म्हणतो आहे. १९६० साली तो महाराष्ट्राच्या घरात आला, रीतसर संसार केला, सणवार केले. पण पेटी कधी माळ्यावर टाकली नाही. भांड्याला भांडं लागलं की माहेरी जाईन म्हणणाऱ्या बाईसारखा तो त्या पेटीकडे एकदा पाहतो, आणि मग चहा टाकतो. पुसद तालुक्यातल्या गहुली या एकाच गावानं वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन नाईक मुख्यमंत्री दिले, त्यातले वसंतराव तर अकरा वर्षांहून जास्त त्या खुर्चीत होते. आणि तरी पुसद जिल्हा व्हावा ही मागणी अजून मागणीच आहे. मला यात कुणाचा नाकर्तेपणा दिसत नाही. काही इच्छा घरातल्या पितळी समईसारख्या असतात. रोज लावायच्या नसतात, पण विकायच्याही नसतात.

आणि मग कधीतरी एखादी 'म्हणतो' चुकून खरीच होऊ लागते, तेव्हा गाव गोंधळून जातं. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या लोहमार्गाचं नाव आम्ही वर्षानुवर्षं ऐकत होतो. ती चर्चा आम्हाला इतकी सवयीची झाली होती की गाडी आली तर बोलायचं कशावर, अशी काळजी पडावी. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्ध्याकडून येणाऱ्या मार्गाचा पहिला तुकडा सुरू झाला आणि गाडी आमच्या जिल्ह्यात कळंबपर्यंत आली. कळंब! यवतमाळहून मोटारनं अर्ध्या तासावर. अगदी उंबऱ्याशी येऊन गाडी थांबली, पाहुण्यानं फाटकातूनच 'बरं आहे ना सगळं?' विचारावं तशी. आणि थांबली तीही कुठे, तर चिंतामणीच्या गावात.

चिंतामणी म्हणजे मनात चिंतिलेलं देणारं रत्न. कळंबचा गणपती त्या नावाचा आहे. गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्रानं त्याची स्थापना केली, अशी कथा सांगतात. इच्छा पुरवणारे देव सहसा डोंगरावर बसतात. माणसाला दम लागावा, घाम यावा, इच्छेची परीक्षा व्हावी. हा मात्र जमिनीखाली आहे. त्याच्याकडे जायला पायऱ्या उतराव्या लागतात. शेवटच्या पायरीशी गारवा असतो, समोर कुंडाचं पाणी आणि पलीकडे शेंदरी मूर्ती. मी लहानपणापासून तिथं जातो. लॉकसाहेबांची ती तळची पायरी मला परवा वाचताना ओळखीची का वाटली, ते मग ध्यानात आलं. दर वेळी वाटेत मी मागण्याची यादी करतो, आणि खाली उतरल्यावर त्या गारव्यात एवढं बरं वाटतं की पुढच्या खेपेला मागीन म्हणतो आणि प्रसाद घेऊन वर येतो.

'म्हणतो' न म्हणणारेही आमच्याच मातीत झाले, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर जिल्ह्यातले लोक माझ्यावर रागावतील. वणीचे लोकनायक बापूजी अणे १९३० च्या जुलैत पुसदजवळच्या राखीव जंगलात गेले आणि विळ्यानं गवत कापून सत्याग्रह करून बसले. 'कापीन म्हणतो' असं ते म्हणाले असते तर इंग्रज सरकारनं त्यांना चहाला बोलावलं असतं. आणि अलीकडे, २०१९ साली, टिपेश्वरच्या जंगलातला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला. कधी महाराष्ट्रात, कधी तेलंगणात असं करत, शेतं, नाले, महामार्ग ओलांडत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची सगळी भटकंती धरली तर तीन हजार किलोमीटरच्या घरात जाते. नवा मुलूख हवा होता, भक्ष्य हवं होतं, वाघीण हवी होती, असं जाणकार म्हणाले. ही बातमी बाबांनी दोनदा वाचली. मग चष्मा पुसत म्हणाले, "पायी गेला बिचारा. गाडी असती तर मुर्तिजापूरपर्यंत तरी बसून गेला असता."

संकल्पाची गंमतही बाबांनीच मला दाखवली. गणपतीत गुरुजी हातावर पळीभर पाणी घालतात, आपण देशकाल उच्चारून ते ताम्हनात सोडतो आणि म्हणतो, संकल्प सोडला. म्हणजे धरला. आणि एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं म्हणजे मात्र ती कायमची गेली. पाणी तेच, ताम्हन तेच, हाताची ओंजळही तीच. "म्हणून मी दर वर्षी पूजेला बसतो तेव्हा नक्की काय चाललंय हे मला कळत नाही," बाबा म्हणत, "आणि बहुतेक देवालाही."

इथं मात्र माझं हसू जरा अडतं. आमचे एक काका दारव्ह्याकडे कोरडवाहू शेती करतात. पेरणीच्या वेळी त्यांच्या तोंडून मी कधी 'म्हणतो' ऐकलेलं नाही. पाऊस पुरेसा पडला की ते पेरतात. सरकी मातीत जाते ती म्हणत म्हणत जात नाही. पण घराच्या पुढच्या भिंतीचा गिलावा ते पंधरा वर्षं करीन म्हणतात. विहिरीवर नवी मोटर बसवीन म्हणतात. काकूला एकदा पंढरपूरला नेईन म्हणतात, आणि काकू शेजारी बसून मान हलवते, जशी काही पिशवी भरूनच ठेवली आहे. हिवाळ्यात कापसाचे वेचे होतात, पैसा येतो आणि बियाण्याच्या, खताच्या, औषधाच्या उधारीत जिरून जातो. मग पऱ्हाटी उपटायच्या ऐवजी उभी ठेवावी, चार बोंडं आणखी येतील, असा मोह होतो. त्याला आमच्याकडे फरदड म्हणतात. फरदड ठेवू नका, गुलाबी बोंडअळी पोसली जाते, असं कृषी खातं दर वर्षी कळवळून सांगतं, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण माघातल्या उन्हात त्या वाळक्या झाडांवर एखादं बोंड उमलून पांढरं झालेलं दिसतं, तेव्हा ती पऱ्हाटी का ठेवली हेही कळतं. काकांचे सगळे 'म्हणतो' त्या फरदडीसारखे आहेत. तिथं इच्छा अशक्त नाही. हात रिकामे आहेत. हे लॉकला दिसलं नाही. तेराव्या शतकातल्या त्या संन्याशाला थोडं दिसलं असावं, म्हणून त्यानं 'शक्य असतं तर' एवढे शब्द मध्ये ठेवले.

बाबांच्या इच्छांमध्ये एक कादंबरीही होती. १९७३ साली यवतमाळात साहित्य संमेलन भरलं; अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. बाबांचं त्याच वर्षी लग्न झालं होतं. संमेलनातून येताना त्यांनी दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही आणली आणि नव्या नवरीला सांगितलं, "कादंबरी लिहीन म्हणतो." पहिल्या पानावर वळणदार अक्षरात 'प्रकरण पहिले' असं लिहिलं, खाली दुहेरी रेघ ओढली. मग गवळी आला. हिशोब मांडायला दुसरा कागद हाताशी नव्हता. म्हणून कादंबरी सुरू होते ती अशी: प्रकरण पहिले, एक लिटर, एक लिटर, पाहुणे, दोन लिटर, खाडा. मग पानं उलटत जातात, वर्षं उलटत जातात आणि प्रकरण पहिलं संपतच नाही. २०१९ च्या जानेवारीत अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा यवतमाळात संमेलन झालं, तेव्हा बाबा काठी टेकत गेले. येताना त्यांच्या काखेत नवी वही होती. "आता लिहीन म्हणतो," ते म्हणाले. ती वही कोरीच राहिली. तोवर दूध पिशवीतून यायला लागलं होतं आणि हिशोब कुणी मांडत नव्हतं. पुढच्याच वर्षी बाबा गेले.

हे सगळं दुसऱ्या दिवशी मी भाचीला त्या कार्डाच्या निमित्तानं सांगत होतो. आई सोले काढत होती. भाचीनं सहज विचारलं, "आजी, तू बसली होतीस का गं शकुंतलेत?"

"बसली होती म्हणजे?" आई म्हणाली, "माझं माहेर कारंजाचं. दुसरं होतं काय तेव्हा? कितीक खेपा केल्या. काय असते त्याच्यात? डोयात कोयसा जाते."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. माझ्या आठवणीतलं कारंजं एसटीचं; त्याआधीही आई तिथं जातच असणार, हे कधी मनात आलं नव्हतं. ज्या प्रवासाचा बेत घरात पंचेचाळीस वर्षं मांडला जात होता, तो करून चुकलेलं माणूस पलीकडे चुलीशी बसून भाकरी थापत होतं, आणि त्यानं एकदाही 'त्यात काय, मी गेले आहे' असं म्हटलं नव्हतं. मी विचारलं, "बाबांना ठाऊक होतं?"

"ठाऊक म्हणजे? दर खेपेला टेसनावर घ्यायला येत. अन् घरी येईपर्यंत विचारत. कोणत्या बाजूले बसली, दारव्ह्याले किती वेळ थांबली, इंजिनानं पानी कुठं घेतलं. मी सांगत जाओ."

"मग ते स्वतः का नाही गेले कधी?"

आईनं शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले, साल बाजूला ठेवलं. "टेसनावर कोनी पाहिजे नं घ्यायला," ती म्हणाली.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तीच माझ्याकडे बघून म्हणाली, "तू पन बसला हाये."

"मी?"

"तीन महिन्याचा होता. बाळंतपण आटोपून आपन कारंजाहून आलो तेव्हा. तुझ्या बाबांनी पत्रात लिहिलं, घ्यायला येईन म्हणतो. ते वाचून मोठ्या मामानं मुकाट्यानं आपली पिशवी भरली. दारव्ह्यापासून तू जो रडायला लागला तो यवतमाळ येईपर्यंत."

भाचीला फार आनंद झाला. इच्छा नसताना केलेल्या कृतीला इंग्रजीत काय म्हणतात, ते शोधायला तिनं कार्डांची चळत पुन्हा हाती घेतली. मग तिनं विचारलं, "आजी, मामाचं तिकीट काढलं होतं?"

"एवढुशा पोराले कुठं तिकीट लागते?"

मी आत जाऊन फडताळाच्या वरच्या कप्प्यातून ती पुठ्ठ्याची वही काढली. पानं पिवळी पडली आहेत, बांधणी सुटत आली आहे. फेब्रुवारी १९७५ चं पान सापडलं. तारखेसमोर तारीख, रोज अर्धा लिटर, मध्ये मध्ये खाडा. सोळा तारखेसमोर बाबांनी आधी अर्धाच लिहिला आहे, आणि मग तो खोडून, शेजारी, 'प्रकरण पहिले'च्या त्याच वळणदार अक्षरात, दीड.